झेनमधला ‘झ’

झेन जपानी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातला ‘झ’ आपल्या घरचा आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे. दिवेलागणीला आमच्या भातसानगरात कुणी ‘सांज झाली’ म्हणतं, त्या सांजेचा आणि झेनचा उंबरा एकच.

संस्कृत ध्यान, चिनी छान, जपानी झेन ही साखळी कोशांत मिळते. जपानची कडी एका वाक्यात सांगून होते: बाराव्या-तेराव्या शतकात एइसाइ आणि दोगेन यांनी हा पंथ चीनमधून नेऊन रुजवला. मला छळणारा प्रश्न त्याआधीचा. ‘ध्य’चा ‘ज’सारखा उच्चार झाला कुठे?

चीनमध्ये झालाच नाही, तो इथूनच होऊन गेला. प्राकृतात ‘ध्य’चा ‘झ’ होतो. संध्येची संझा आणि मग सांज झाली, वंध्येची वांझ झाली, ‘युध्’ धातूतून झुंज आली. ‘समजणे’ची पाळंमुळंही ‘संबुध्यते’मध्ये आहेत, म्हणजे आपली रोजची समज आणि बुद्ध एकाच धातूचे. याच नियमाने पालीत ध्यानाचं ‘झान’ झालं, जैनांच्या प्राकृतात ‘झाण’. मराठीने पुढे संस्कृत ‘ध्यान’ परत उचललं आणि झाण विसरली. याची मला खरोखर हळहळ वाटते.

यावर एक आक्षेप असा, की चिनी माणसाला ‘ध्य’ म्हणता येईना म्हणून त्याने जवळचा ध्वनी घेतला. पण मग ‘श्रमण’, म्हणजे भिक्खू, या शब्दाचं काय? त्याचं चिनीत ‘शामन’च्या जवळचं रूप झालं. त्यात ‘र’ नाही, कारण प्राकृतातल्या ‘समणा’तही तो नव्हता. चिनी लोकांनी नीटच ऐकलं होतं. त्यांच्या कानावर संस्कृत नव्हे, प्राकृत पडत होतं.

दुसरा पक्ष अधिक मोहक आहे. ज्या चिनी अक्षराने हा शब्द लिहिला, ते आधीपासून होतं. सम्राटाने जमीन साफ करून भूमीला दिलेला बळी, आणि आपण होऊन केलेला राज्यत्याग, हे त्याचे जुने अर्थ. जमीन साफ करणं म्हणजे मन साफ करणं आणि राज्य सोडणं म्हणजे अहंकार सोडणं, असं जुळवणारे आहेत. ऐकायला गोड आहे, पण पटत नाही. हा शब्द ‘ना’साठी आणखी एक अक्षर जोडूनही लिहीत. अर्थासाठी अक्षर निवडलं असतं, तर मागे ‘ना’ कशाला जोडला असता? हिशोब नादाचाच होता.

आता हा शब्द चीनला कोणत्या वाटेने गेला, हा प्रश्न उरतो. मन मुरबाडकडे ओढ घेतं. वैशाखऱ्यावरून चढणाऱ्या नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख प्राकृतातच आहे, त्यात धर्माचं ‘धंम’ आहे. त्या घाटाखाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं. तिथल्या भिक्खूंच्या तोंडी ‘झाण’च असणार, अशी माझी खात्री आहे. पण चीनला शब्द पोचला तो वायव्येतून, गांधारच्या प्राकृतामार्गे, हे मानावंच लागतं. इ. स. 148 मध्ये आन शिगाओ नावाचा पार्थियन भिक्खू लोयांगला आला आणि त्याने ध्यानाचे ग्रंथ चिनीत आणले. झेनचा आद्य गुरू मानला जाणारा बोधिधर्म त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी येतो. म्हणजे हा शब्द त्याची वाट बघत थांबलेला नव्हता.

आन शिगाओच्या नावावर श्वासध्यानाचा एक ग्रंथ आहे. त्याच्या चिनी नावातलं ‘आन-पान’ म्हणजे सरळ आनापान, आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. त्या काळच्या अनुवादकांनी बोधीला ताओवाद्यांचा ‘ताओ’ शब्द वापरला आणि निर्वाणाला त्यांचाच ‘वू-वेई’, म्हणजे ओढाताण न करता असणं. ताओ आणि झेन यांची सोयरीक मला इथेच जमलेली दिसते. मठ आणि गुरुपरंपरा नंतरच्या.

तेच आनापान आज आमच्या शेजारी आहे. आसनगाव, खर्डी ओलांडून कसारा घाट चढला की इगतपुरी. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले आणि 1976 पासून तिथल्या धम्मगिरी केंद्रात शिबिरं भरू लागली. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो. तिथल्याच विपश्यना विशोधन विन्यासाने अख्खं पाली तिपिटक देवनागरीत छापलं. लोयांगला गेलेल्या शब्दाचा सख्खा भाऊ ‘झान’ आपल्याच लिपीत वाचायचा असेल, तर तो त्या खंडांत आहे.