सूप आणि कायदा

इतिहास म्हटला की चंद्रपूरकरांना गोंड राजांचा परकोट आठवतो. त्या परकोटाच्या आत घरोघर वापरलेल्या सुपाचा नि टोपलीचा इतिहास मात्र कोणी विचारीत नाही. ओला बांबू चिरावा, कामट्या काढाव्यात, त्या तासून पातळ कराव्यात आणि सूप विणावे, हा बुरुडांचा पिढीजात धंदा. तो का खालावला? प्लास्टिकने बाजार नेला हे खरेच; परंतु त्याआधीच बांबू हातचा गेला होता. शास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. १९२७ च्या वनकायद्याने त्याला वृक्षांत घातले. १९४५ साली बल्लारपूरची कागद कंपनी स्थापन झाली आणि पुढे जंगलातला बांबू गिरणीकडे जाऊ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले; २०११ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले. हक्क परत आला खरा, पण तो ग्रामसभेचा. शहरातल्या बुरुडाला बांबू विकतच घ्यावा लागतो. तेव्हा श्रोतेहो, सुपाची घासाघीस करण्यापूर्वी एवढेच विचारा, की बांबू कोणाचा?