खानदेशातील फौजदारी खटले व आरोपीचा बचाव

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील गंभीर गुन्ह्यांचे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालये व विशेष न्यायालये यांच्यापुढे चालतात. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते. पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२(१) ने दिला असून, मोफत विधी साहाय्याची जबाबदारी अनुच्छेद ३९अ ने राज्यावर टाकली आहे.

गुन्ह्यांचे वर्गीकरण

भारतीय कायद्यात गुन्हे दखलपात्र व अदखलपात्र, तसेच जामीनपात्र व अजामीनपात्र असे विभागले जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तीनुसार खून (कलम १०३), खुनाचा प्रयत्न (कलम १०९), बलात्कार (कलम ६४) व दरोडा (कलम ३१०) हे गुन्हे सत्र न्यायालयात चालतात. चोरी (कलम ३०३), फसवणूक (कलम ३१८) व विवाहितेचा छळ (कलम ८५) यांची सुनावणी सामान्यतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होते.

अटक व जामीन

अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा अधिक कैदेस पात्र गुन्ह्यात ९० दिवसांत, तर इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हा हक्क वेळेत अर्ज केला तरच उपयोगी पडतो. मुदत मोजणारा वकील नसेल, तर दोषारोपपत्र दाखल होताच तो संपुष्टात येतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने गरीब आरोपी कारागृहातच राहण्याचा प्रसंग येतो.

बचावाचे कार्य

बचाव पक्षाचा वकील वकीलपत्र दाखल करून दोषारोपपत्राच्या प्रती मिळवतो, जामीन अर्ज करतो व साक्षीदारांची उलटतपासणी घेतो. फिर्यादीस झालेला विलंब, पंचनाम्यातील विसंगती आणि ओळखपरेडमधील त्रुटी हे त्याचे नेहमीचे मुद्दे असतात. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार सर्वसाधारणपणे सरकार पक्षावर असतो. खानदेशात अहिराणी, तसेच सातपुड्याच्या पट्ट्यात भिली व पावरी बोलल्या जातात. पुरावा आरोपीस न समजणाऱ्या भाषेत दिला गेल्यास तो त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावा, अशी तरतूद कायद्यात आहे.

मोफत विधी साहाय्य

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे, अथवा कारागृहातून करता येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनुसार स्थापन झालेली पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालये महाराष्ट्रात ‘लोकअभिरक्षक कार्यालय’ या नावाने ओळखली जातात.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात मूळचे जळगावचे उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. आरोपी अजमल कसाब यालाही न्यायालयाने वकील दिला होता. २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याचे अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने, पहिल्यांदा हजर केलेल्या आरोपीला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले.

जळगाव घरकुल खटला

जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबाबत २००६ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. माजी मंत्री सुरेश जैन यांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली व सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षे कैद व १०० कोटी रुपये दंडाची शिक्षा झाली. अपील प्रलंबित असताना नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन मंजूर केला. नामांकित वकील उभे करू शकणाऱ्या आरोपीलाही निकालापूर्वी सुमारे साडेचार वर्षे कोठडीत काढावी लागली, हे या खटल्यातून दिसते.

कच्च्या कैद्यांसाठी तरतूद

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत घालवलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळू शकतो. प्रथमच गुन्ह्यात आलेल्या व्यक्तीसाठी ही मर्यादा एक तृतीयांश आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले असलेले आरोपी यांना ही तरतूद लागू होत नाही.