अंग आंबतं, पण कशाने?

अजिंक्यताऱ्यावर घाईघाईने चढून उतरला असाल, तर हे तुम्हाला ठाऊक असेल. चढताना धाप लागते, रात्री फारसं काही वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतात. कारण विचारलं की उत्तर तयार असतं, "लॅक्टिक ॲसिड साठलंय." जिमचा ट्रेनर हेच सांगतो आणि सांगलीकडच्या तालमीत मालीश करणारा पोरगाही. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये मीही हे 'पारंपरिक समजूत' म्हणून लिहिलं होतं. गाईडनी समासात दोनच शब्द खरडले : परंपरा कुणाची?

प्रश्न खोचक होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदकं मिळवली. त्यांच्यामागे जी तालीम होती, तिच्यात जोर-बैठका होत्या, माती होती, तेल लावून अंग रगडणं होतं. नव्या पोराचं अंग आधी आंबणार, हेही गृहीतच. पण त्यात ॲसिड कुठून आलं?

आलं प्रयोगशाळेतून. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या थकलेल्या स्नायूत हे आम्ल साठतं असं दाखवलं. पुढे हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. थकव्याचं हे स्पष्टीकरण लोकांनी दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यालाही चिकटवलं. मराठीत ते इतकं सहज रुजलं, त्याला आपलं 'आंबणं' कारण असेल का? हा माझा नुसता अंदाज हं, पुरावा नाही.

गंमत पुढेच आहे. बेडकांच्या त्या प्रयोगाआधी, १९०२ मध्येच, थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून म्हटलं होतं की उशिरा येणारं दुखणं थकव्याचं नाही, स्नायूच्या आत बारीक फाटाफूट होत असावी. म्हणजे सत्याच्या जास्त जवळचं उत्तर आधी आलं आणि मागे पडलं.

१९८३ मध्ये श्वेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना सपाटीवर पळवलं आणि उतारावरही. सपाटीवर पळताना लॅक्टेट वाढलं, पण अंग दुखलं नाही. उतारावर ते वाढलं नाही, दुखणं मात्र आलं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, इजा होते ती तिथे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी रडवतो तो परतीचा उतार.

आता मालीशवर काम करणाऱ्यांनी जरा थांबा. व्यायामानंतरचं लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येतं, दुखणं शिगेला पोचतं एक ते तीन दिवसांनी. मग मालीशनंतर लगेच रक्त तपासून तुम्ही काय मोजलं? मालीशने दुखणं थोडं कमी होतं असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय, ताकद लवकर परत येते असं मात्र ठामपणे दिसत नाही. नेमकं का बरं वाटतं, यावर अजून वाद चालू आहे. म्हणजे वस्तादांचा हात चुकीचा नव्हता, आपण त्याला जोडलेलं कारण चुकीचं होतं.

मी प्रपोजलमधून रक्ततपासणी काढली. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तालमीत जाऊन विचारायचं ठरवलंय. प्रश्नावलीतही 'वेदना' खोडून लिहिलंय, "अंग किती आंबलंय?"