राबाचा धूर

मे महिन्यात तळोज्याला आजीकडे गेलं की आधी राबाचा वास यायचा. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, झाडांचे टाळे, पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची आणि भाजायचं. मला वाटे हे खतासाठी. आजी म्हणायची, "अरे, तणाचं बी जळतं त्यात!"

या राबावरून एकोणिसाव्या शतकात केवढा वाद झाला! १८७८च्या वन कायद्यानंतर ठाणे-कुलाब्यात टाळ तोडण्यावर बंधनं आली. जंगलखात्याला ती नासाडी वाटे (झाडांची दरवर्षी छाटणी व्हायची, ते काही अगदीच खोटं नव्हतं). तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. १८८७च्या त्याच्या अहवालात राब हा मोठा विषय होता.

पण भाजायची जागा ती केवढी? एक हेक्टर लावणीला साधारण १० गुंठ्यांचं रोप पुरतं. वरच्या मातीतलं बी मेलं की रोप स्वच्छ निघतं. पुढे चिखलणीत शेतातलं उगवलेलं तण गाडलं जातं, साचलेलं पाणी बऱ्याच बियांना उगवू देत नाही, आणि लावलेलं रोप तणाच्या तीनेक आठवडे पुढे असतं. तरी भातासारखंच दिसणारं गवत उरतंच. ते ओळखून उपटायला आजीच लागायची. आता याला 'एकात्मिक तण व्यवस्थापन' म्हणतात. ब्युटाक्लोर तेवढं नवीन.

आमची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली. उरलेल्या तुकड्यात मामा अजून भात लावतो. परवा विचारलं, "मामा, राब भाजतोस का रे?"

"गुरं कुठंयत? शेण कुठून आणू?"