वरची वाटी
१८७९मध्ये आयोवाच्या अ‍ॅबनर पीलर यांनी फोटोंवर रंग भरण्यासाठी हवेवर चालणारा ब्रश बनवला. हवा-रंगाचा मेळ बाहेर, सुईच्या टोकाशी होई. १८९०च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी तो आतच घडवणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. बारीक कामाला आजही वाटी वर असलेला एअरब्रशच घ्यावा. रंग स्वतःच्या वजनाने उतरतो, त्यामुळे कमी दाब पुरतो आणि रेघ नेमकी येते. खालच्या बाटलीतून रंग ओढायला दाब जास्त लागतो. ती मोठ्या पृष्ठभागांसाठी बरी.

स्तालिनच्या काळात याच हत्याराने फोटोंतली माणसे पुसली गेली. १९४०मध्ये गोळी घातलेल्या येझोव्हच्या जागी नुसते कालव्याचे पाणी उरले. मूळ प्रत टिकली, म्हणून तो खाडाखोडीचा इतिहास आज कळतो.