नॉम पेन्ह, १९७९ : राजवट पळाली, खुर्ची राहिली

१/ ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या फौजा कंबोडियाच्या राजधानीत शिरल्या, तेव्हा नॉम पेन्ह ओस पडले होते. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाने एप्रिल १९७५ मध्ये सारे शहर रिकामे करून, इस्पितळांतील रुग्णांसह, माणसे खेड्यांकडे हाकलली होती. दुर्गंधीच्या मागावर गेलेल्या दोघा व्हिएतनामी छायाचित्रकारांना एका जुन्या शाळेत छळकोठडी सापडली : तुओल स्लेंग.

२/ पोल पॉटच्या या राजवटीत पावणेचार वर्षांच्या आत सुमारे १५ ते २० लाख माणसे उपासमार, वेठबिगार, रोगराई आणि हत्या यांत संपली.

३/ मग व्हिएतनामने 'आम्ही लोकांना वाचवायला आलो' असे जगाला सांगितले का? नाही. हनोईचा दावा स्वसंरक्षणाचा होता, आणि तो पोकळ नव्हता : एप्रिल १९७८ मध्ये ख्मेर रूजने सीमेपलीकडील बा चुक गावात ३,१५७ नागरिक मारले होते. राजवट उलथली ती कंबोडियन बंडखोरांनी, अशी पुस्तीही हनोईने जोडली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत स्वसंरक्षणाला जागा आहे. परक्या प्रजेच्या रक्षणासाठी एखाद्या देशाने आपणहून चढाई करण्याला नाही.

४/ सुरक्षा परिषदेत कंबोडियाची बाजू मांडायला आले राजपुत्र सिहानुक. ज्या राजवटीने त्यांना राजवाड्यात कोंडले, ज्यांच्या काळात त्यांची अनेक मुले-नातवंडे नाहीशी झाली, त्यांच्याच वतीने त्यांनी व्हिएतनामी सैन्य हटवण्याची मागणी केली. पंधरापैकी १३ सदस्यांनी परकी फौजा परत जाव्यात असे मत दिले. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. राजवट घृणास्पद आहे म्हणून परकी चढाई समर्थनीय मानणे अतिशय धोक्याचे, असे फ्रान्सचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्य होते, हीच अडचण.

५/ सप्टेंबर १९७९. आमसभेत कंबोडियाची खुर्ची कोणाची? ७१ देशांनी ख्मेर रूजच्या बाजूने, ३५ देशांनी विरोधात मत दिले. ३४ तटस्थ राहिले. खुर्ची रिकामी ठेवावी ही भारताची सूचना मान्य झाली नाही. पुढे जुलै १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली. १९७१ मध्ये आमसभेत स्वतः एकाकी पडलेल्या भारताला हा पेच नवा नव्हता.

६/ त्याच वर्षी टांझानियाच्या सैन्याने युगांडात शिरून ईदी अमीनला हुसकावले. तेव्हा जग बहुतांशी गप्प राहिले. मग सार्वभौमत्वाचा कैवार निवडक होता का? चीन आणि अमेरिका यांच्यापुरते बोलायचे तर होय. त्यांना सोव्हिएत गोटातील व्हिएतनामला रोखायचे होते. पण सिंगापूरसारख्या छोट्या देशाची भीती खरी होती. शेजारी बलाढ्य असला की सीमेची रेषा हेच त्याचे कवच.

७/ आणि व्हिएतनामी फौजा लगेच परतल्या नाहीत. सप्टेंबर १९८९ पर्यंत त्या राहिल्या. थायलंडच्या सीमेवर तटबंदी उभारण्यासाठी कंबोडियन शेतकऱ्यांना सक्तीने राबवले गेले. हिवताप आणि सुरुंगांनी कित्येकांचे बळी घेतले. ज्यांनी कत्तल थांबवली, त्यांच्याच छत्राखाली हे घडले.

८/ ख्मेर रूजच्या दोन वरिष्ठ नेत्यांना वंशसंहाराबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले ते २०१८ मध्ये. कंबोडियाचा सत्ताधारी पक्ष ७ जानेवारी हा विजयदिन म्हणून साजरा करतो. विरोधकांतील अनेकांच्या लेखी तो परकी ताब्याचा पहिला दिवस आहे.