पडद्यावरील कालांक आणि त्याचे पुरावामूल्य

चित्रपटाची फीत दिव्यासमोर धरली की तिच्यावरील चित्र डोळ्यांना दिसते. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी मावतात आणि कडेवर छापलेल्या अंकांवरून संकलकास हवी ती चौकट काढता येते. अँपेक्स कंपनीने १९५६ साली चुंबकीय चित्रफितीचे यंत्र पुढे आणले तेव्हा ही सोय नाहीशी झाली. चुंबकीय फितीवर चित्र असते, परंतु दिसत नाही. प्रारंभीच्या संकलकांस फितीवर लोहकणांचे द्रावण लावून, सूक्ष्मदर्शकातून चौकटीची सीमा शोधून, मग पात्याने छेद घ्यावा लागे. टाइमकोडचा इतिहास बहुधा यंत्रांची वंशावळ म्हणून सांगितला जातो. त्यामागील ही अडचण मात्र विसरली जाते.

१९६७ च्या सुमारास प्रत्येक चौकटीस तास, मिनिट, सेकंद व चौकट अशी आठ अंकी ओळख देणारी पद्धती अमेरिकेत पुढे आली. चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या 'एस.एम.पी.टी.ई.' या संस्थेने तिला प्रमाणरूप दिले. तेथे एक विशेष प्रश्न होता. १९५३ साली रंगीत प्रक्षेपणासाठी सेकंदाला ३० चौकटींचा वेग सुमारे एक सहस्रांशाने उतरवून २९.९७ करण्यात आला होता. त्यामुळे ३० च्या हिशेबाने चालणारा संकेत तासाला १०८ चौकटींनी, म्हणजे ३.६ सेकंदांनी, घड्याळामागे पडे. तोड अशी काढली, की दहाने भाग जाणारी मिनिटे वगळता प्रत्येक मिनिटाच्या आरंभी ०० व ०१ हे चौकटींचे दोन अंक गाळावयाचे. गळतात ते अंक. चित्राची एकही चौकट गळत नाही. 'ड्रॉप फ्रेम' या नावामुळे विद्यार्थ्यांचा येथे हटकून घोटाळा होतो. दूरदर्शनची पद्धती २५ चौकटींची असल्याने आपल्याकडे हा प्रश्न उद्भवला नाही.

तथापि हा संकेत केवळ यंत्रास वाचता येई. ध्वनिमार्गावर नोंदलेला संकेत तर फीत थांबताच मुका होई. म्हणून मूळ फितीची स्वस्त प्रत काढताना तेच अंक लहानशा खिडकीत चित्रावर उमटविण्याची रीत पडली. १९७१ मध्ये सोनीची यू-मॅटिक कॅसेट आल्यावर अशा प्रती निर्मात्याकडे किंवा खर्च करणाऱ्या ग्राहकाकडे सहज पाठविता येऊ लागल्या. त्याने घरबसल्या चित्र थांबवावे, अंक कागदावर टिपावा. महागड्या संकलनकक्षात त्याच चौकटीवर काम व्हावे. दूर बसलेल्या दोन माणसांना एकाच क्षणाविषयी बोलता येणे, ही या अंकाची खरी कामगिरी होय.

आज फितीची जागा संगणकीय फाइलीने घेतली आहे, आणि एफएफएमपेगसारख्या मुक्त साधनाने हे अंक कोणासही उमटविता येतात. पण ते साधन दिलेल्या आरंभांकापासून, दिलेल्या वेगाने मोजत जाते. मूळ फाइलीशी हिशेब जुळतो की नाही, हे पाहणे त्याचे काम नव्हे. २४ चौकटींच्या फाइलीस २५ चा वेग सांगितला तर अंक दिसतील नेटके, आणि ग्राहकाची प्रत्येक सूचना भलत्याच जागी जाऊन पडेल.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र याच अंकांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. पुसून पुन्हा वापरलेल्या मूळ फिती पाश्चात्य दूरचित्रवाणीच्या इतिहासात थोड्या नाहीत. मूळ फीत गेली आणि अंकांकित प्रतच उरली, तर ती विद्रूप म्हणून बाजूस सारणे मला योग्य वाटत नाही. मूळ चित्रीकरणाचे अंक अंगावर वागविणाऱ्या संकलित प्रतीत अंक जेथे एकदम उडी घेतो तेथे छेद आहे, आणि एकाच फितीतील दोन तुकड्यांमधील अंतर वगळलेल्या भागाची लांबी सांगते. मुलाखतीतील उत्तराच्या मध्येच चाळीस सेकंद नाहीसे झाले असतील, तर ते येथे दिसते. प्रक्षेपित प्रतीत दिसत नाही.

अर्थात हे अनुमान एका अटीवर टिकते. कॅमेरा चालू असतानाच पुढे सरकणारा संकेत नोंदला असेल, तरच अंतर म्हणजे वगळलेले चित्रण. दिवसाच्या घड्याळाबरोबर चालणारा संकेत असेल, तर त्या अंतरात कॅमेरा बंद असलेला वेळही मिसळलेला असतो. तेव्हा चाळीस सेकंद कोणी कापले की ते मुळात टिपलेच गेले नाहीत, हे केवळ अंकावरून ठरविता येत नाही. त्यासाठी चित्रीकरणाच्या वेळची नोंदवही शोधावी लागते.